उल्का बघायच्या, त्याही दुर्बिणीतून? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात मिथुन राशीतल्या उल्कावर्षावावर लिहिलं होतं, त्यात "डोळ्यांनीच बघा, दुर्बीण घरी राहू द्या" असं एक वाक्य होतं आणि निम्म्याहून जास्त पत्रं त्या एका वाक्यावर आली. काही चिडून, काही खरंच विचारून. त्यातली निवडक इथे घेतलीत, नावं छापली नाहीत, एरिया तेवढा ठेवलाय.

मानेवाड्याहून एक काका: रिटायर झाल्यावर हौसेनं सहा इंची आरशाची डॉबसोनियन दुर्बीण घेतली. शनीची कडी, गुरूचे चंद्र झकास दिसतात. पण डिसेंबरात उल्कावर्षावाच्या रात्री गच्चीवर मिथुनेवर लावून बसलो तर पहाटेपर्यंत एकच रेघ दिसली, तीही दिसली का भास झाला सांगता येत नाही. बाजूला चटईवर पडलेली नातवंडं मात्र "आजोबा ती बघा, ती बघा" करून राह्यली होती. टेलिस्कोपमध्ये फॉल्ट आहे का?

काका, टेलिस्कोप ठणठणीत आहे, शनीची कडी दिसते म्हणजे अजून काय पायजे. फक्त तिला जे काम दिलं ते तिचं नाही. सहा इंची डॉबची फोकल लेन्थ बहुतेक १२०० मिमी असते, सोबत येणारा २५ मिमीचा आयपीस (डोळ्याजवळची काच) लावला की १२०० भागिले २५ म्हणजे ४८ पट मोठं दिसतं आणि आकाशाचा तुकडा मिळतो जेमतेम एक अंशाचा, पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तर भरून जाईल इतका. क्षेत्रफळ काढा, पाऊण चौरस अंशाच्या आसपास येतं. डोक्यावरचं अख्खं आकाश २०,६०० चौरस अंशांचं आहे आणि नातवंडं चटईवर पडून त्यातला मोठा हिस्सा एकाच वेळी बघत होती. इतवारीत मारबत निघालीय आणि आपण गच्चीवरून अगरबत्तीच्या नळकांड्यातून बघतोय असं झालं हे, पिवळी मारबत नेमकी त्या भोकासमोरून गेली तर गेली.

दुसरं म्हणजे वेग. मिथुनेच्या उल्का तशा सावकाश, वातावरणात शिरताना सेकंदाला ३५ किलोमीटर, ययातीच्या (पर्सियसच्या) ५९ आणि सिंहेच्या तर ७१. जळतात साधारण शंभर किलोमीटर उंचीवर. आपल्याला आकाशात तिचा वेग सेकंदाला दहा अंश वाटला असं धरू, तर एक अंशाचं क्षेत्र ती एक दशांश सेकंदात पार करते, आणि तुम्ही ४८ पट मोठं करून बघताय म्हणजे डोळ्यासमोरून ती सेकंदाला ४८० अंशांनी जाते. काही तरी हललं एवढंच कळणार. ताऱ्याचा प्रकाश एका जागी पडत राहतो म्हणून मोठा आरसा घेतला की अंधुक तारेही दिसायला लागतात, उल्केचा प्रकाश मात्र रेघेवर पसरून जातो, त्यामुळे आरसा मोठा असल्याचा जो फायदा आपण धरून चालतो त्यातला बराचसा इथे मिळतच नाही.

मग लोक दुर्बिणीतून उल्का बघतात तरी का? कारण अंधुक उल्का खूप जास्त असतात. एक प्रत (तेजाची पायरी, आकडा मोठा तितकं अंधुक) अंधुक गेलं की वर्षावातल्या उल्कांची संख्या दोन-अडीच पट होते, कुठल्याच वर्षावातल्या नसलेल्या भटक्या उल्कांची तर तीन पटीच्या जवळ. नुसत्या डोळ्याला कधीच न दिसणारे, वाळूच्या कणाहूनही बारीक कण असतात हे. ते बघायचे तर क्षेत्र मोठं पायजे आणि पॉवर कमी, म्हणजे बायनॉक्युलर किंवा ८० मिमीची ४०० फोकल लेन्थवाली आखूड रिफ्रॅक्टर (आरशाऐवजी भिंगाची दुर्बीण), तिला ३२ मिमीचा आयपीस लावला की साडेबारा पट आणि चार अंश मिळतात. तरीही सांगून ठेवतो, चांगल्या अंधारात बायनॉक्युलरमधून तासाला दोन-चार दिसल्या तरी खूश व्हायचं, कधी तास कोरडाही जातो. नजारा म्हणून वर्षाव बघायचा असेल तर चटई ती चटईच, मागच्या अंकातलं वाक्य मी मागे घेत नाही. डॉबसाठी वेगळं काम आहे, खाली चंद्राच्या प्रश्नात बघा.

प्रतापनगरहून बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी: दादा, बर्डीवर एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले जितकी पॉवर जास्त तितकं चांगलं, २०x८० घ्या नाहीतर झूमवाली घ्या. मला उल्काच बघायच्या आहेत. काय घेऊ?

अगं झूमवाली अजिबात नको, क्षेत्र चिमूटभर आणि काचा कामचलाऊ. १०x५० घे. १० म्हणजे दहा पट, ५० म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. चांगल्या १०x५० मध्ये पाच ते साडेसहा अंशांचं क्षेत्र मिळतं, साडेसहा अंश म्हणजे ३३ चौरस अंश झाले, वरच्या काकांच्या आयपीसपेक्षा चाळीस पट. पुस्तकात ७x५० चं कौतुक वाचशील, तिचं क्षेत्र सात अंशांच्या आसपास असतं आणि उल्कांसाठी ती खरोखर चांगली, पण ५० भागिले ७ म्हणजे सात मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो आणि नागपूरच्या उजेडात त्याच्यासोबत आकाशाचा राखाडीपणाही सगळा आत येतो. पेंचला जाणार असशील तर ७x५०, जास्त करून गच्चीवरच बसणार असशील तर १०x५०. २०x८० चं क्षेत्र साडेतीन अंशांच्या आसपास आणि वजन असं की दहा मिनिटांत हात थरथरतो, धूमकेतू आणि तारकागुच्छ बघायला ती मस्त, या कामाला नाही.

आणि बजेटमधले थोडे पैसे ट्रायपॉडला ठेव बाई. हातात धरून उल्का दिसेल, पण ती कोणत्या दोन ताऱ्यांच्या मधून गेली ते सांगता येणार नाही. बायनॉक्युलर ट्रायपॉडवर बसवायला इंग्रजी एल अक्षरासारखा एक अडॅप्टर मिळतो, तो घे, आणि मागे रेलायची खुर्ची. दुकानातून बाहेर येण्याआधी लांबच्या टॉवरचं टोक बघ, एकाऐवजी दोन टोकं दिसली किंवा डोळ्याला ताण आला तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत, ती जोडी परत ठेव, दुसरी माग.

रामटेकहून एक सायन्स टीचर: आमच्या शाळेचा आकाशनिरीक्षण ग्रुप आहे. मुलं उल्का मोजतात, आता दोन बायनॉक्युलरही मिळाल्या आहेत. यातून काही शास्त्रीय नोंद होऊ शकते का, की नुसती मजा? नोंद करायची कशी?

सर, हा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून उत्तरही लांबणार.

नुसत्या डोळ्यांनी उल्केचा मार्ग नकाशावर काढला तर काही अंशांची चूक सहज होते, कितीही सराव असला तरी. बायनॉक्युलरमध्ये बारीक ताऱ्यांची गर्दी शेजारीच असते त्यामुळे तीच चूक अंशाच्या काही भागावर येते. अशा रेघा मागे वाढवल्या की त्या जिथे एकत्र येतात तो वर्षावाचा उद्गमबिंदू, आणि तो एकच आहे का पसरट आहे का शेजारी दुसरा बारका बिंदू आहे हे अशा अचूक रेघांवरूनच कळतं. दुर्बिणीतून उल्का बघण्याचं खरं कारण हेच, मोजणी नाही. हे काम हौशी लोकांनीच उभं केलंय. ब्रिस्टलचा विल्यम डेनिंग पेशानं अकाउंटंट होता, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि पुढेही त्यानं आयुष्यभर उल्कांचे मार्ग काढले. नंतर स्लोव्हाकियातल्या स्काल्नाते प्लेसोच्या वेधशाळेत धूमकेतू शोधणारी मंडळी २५x१०० च्या भल्यामोठ्या बायनॉक्युलर घेऊन बसायची, धूमकेतू रोज थोडाच सापडतो, तर मधेच क्षेत्रातून गेलेल्या उल्का ती लिहून ठेवायची.

आता पद्धत. उद्गमबिंदूवर दुर्बीण रोखायची नाही, तिथे उल्का आपल्याकडेच येत असतात आणि रेघ इतकी आखूड दिसते की दिशा कळत नाही. त्यापासून दहा ते तीस अंश लांबची दोन क्षेत्रं निवडायची, एक एका बाजूला आणि दुसरं साधारण काटकोनात, म्हणजे रेघा एकमेकींना नीट छेदतात. मिथुनेचा उद्गमबिंदू पुनर्वसूतल्या कॅस्टरला लागून आहे, तेव्हा एक क्षेत्र पश्चिमेला सारथीतल्या एम-३७ तारकागुच्छाजवळ घ्या आणि दुसरं दक्षिणेला प्रश्वा (प्रोसियन) ताऱ्याच्या थोडं वर. आपल्या २१ अक्षांशावरून मध्यरात्री दोन्ही भरपूर उंच असतात, क्षितिजापासून चाळीसेक अंशांच्या खालचं क्षेत्र तसंही घेऊ नये. दोन बायनॉक्युलर आहेत तर एकेक क्षेत्र एकेका मुलाला, अर्ध्या तासानं अदलाबदल. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमधून त्या क्षेत्रांचे आठव्या-नवव्या प्रतीपर्यंतचे नकाशे आधीच छापून घ्या, आणि त्या मुलांनी आदल्या दोन-तीन रात्री ते तारे तोंडपाठ करावेत, ऐन रात्री नकाशात शोधाशोध नको.

उल्का दिसली की सगळ्यात आधी डोळा हलवायचा नाही. कुठून आली, कुठे संपली, कोणत्या ताऱ्याला घासून गेली ते मनात पक्कं करायचं, मग लाल उजेडात रेघ काढायची. सोबत वेळ, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून प्रत, वेग सावकाश का जोरात, सुरुवात आणि शेवट क्षेत्राच्या आत होता का कडेबाहेर, आणि आपली खात्री किती. कागदाच्या डोक्यावर निरीक्षण कधी सुरू केलं, कधी थांबलं, मधे ढग किती, सगळ्यात अंधुक तारा कितव्या प्रतीचा दिसत होता हे लिहायचंच. काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं, आणि मुलांना हे शून्य लिहायला लावणं सगळ्यात अवघड जातं बघा, त्यांना वाटतं रात्र फुकट गेली. पण तासाला किती हा हिशोब त्या रिकाम्या वेळेशिवाय होतच नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्यात एकानं मोबाईल उघडला की सगळ्यांचं मीटर परत शून्यावर. पाऊण-एक तासानंतर लक्ष उडतं, तेव्हा ब्रेक घ्या.

अजून एक, मिथुनेचा जोर सगळ्यात जास्त असतो म्हणून फक्त १४ डिसेंबरची रात्र धरून बसू नका. मिथुनेचे बारीक कण मोठ्या कणांच्या आधी येतात, म्हणजे अंधुक उल्कांचा जोर तेजस्वी उल्कांच्या आधी होऊन जातो, तेव्हा बायनॉक्युलरवाल्यांनी १२ आणि १३ च्या रात्रीही बसावं. या कणांचा उगम फेथॉन नावाच्या लघुग्रहात आहे, तो १९८३ मध्ये आयरास या उपग्रहाच्या निरीक्षणातून सापडला, त्याआधी या वर्षावाचा धनी कोण ते माहीतच नव्हतं.

शास्त्रीय उपयोगाचं खरं सांगायचं तर आज बरंचसं काम रात्रभर चालणारे व्हिडिओ कॅमेरे करतात आणि चांगलं करतात. पण १९८८ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना हौशी लोकांच्या नोंदी ठरलेल्या फॉर्ममध्ये गोळा करते. सुरुवात नुसत्या डोळ्यांच्या मोजणीनं करा, तिचा डेटा लवकर कामाला येतो. आणि आठवी-नववीतल्या पोरानं रात्री दोन वाजता स्वतः बघून काढलेली रेघ नेमकी पुनर्वसूकडे जाते हे त्याला कागदावर दिसलं तर तेवढ्यासाठीसुद्धा हा खटाटोप करावा असं माझं मत.

खामल्याहून: मोठी उल्का गेल्यावर मागे धूर राहिल्यासारखा दिसतो, तो बायनॉक्युलरनं बघावा का?

लगेच, विचार करत बसू नका. इथे बायनॉक्युलरला तोड नाही. तो बहुतेक वेळा धूर नसतो, उल्केच्या वाटेवरचा वायू आणि तिच्यातून सुटलेले धातूचे अणू चमकत राहतात. डोळ्याला दोन-चार सेकंदांत विझला असं वाटतं तेव्हा बायनॉक्युलरमध्ये तो कधी कधी काही मिनिटं दिसत राहतो आणि वाकडातिकडा होत जातो, कारण नव्वद-शंभर किलोमीटरवरही वारे असतात आणि वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या दिशेनं वाहतात. मिनिटामिनिटाला आकार काढून ठेवा. सिंहेच्या आणि ययातीच्या उल्का वेगवान, त्या असा माग जास्त सोडतात, मिथुनेच्या कमी. सिंहेचा जनक टेम्पल-टटल धूमकेतू ३३ वर्षांनी येतो, पुढची खेप २०३१ ची.

नंदनवनहून: घरून ध्रुवताराही नीट दिसत नाही. नागपूरच्या जवळ कुठे जावं?

पैसे आणि परवानगीची तयारी असेल तर पेंच. महाराष्ट्राच्या बाजूच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये अंधारं आकाश जपणाऱ्या डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेनं डार्क स्काय पार्क ठरवलं, भारतातला पहिला, आणि तिथल्या काही गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली उजेड पाडणारे लावले. जबलपूर रोडनं सिल्लारीकडे साधारण दोन तास धरा. पण हे वाघाचं जंगल आहे भौ, रस्त्याच्या कडेला गाडी लावून बॉनेटवर आडवं पडायचं नाही, वनविभागानं ठरवलेल्या जागीच बसा आणि आधी विचारून जा.

तेवढं जमत नसेल तर रामटेक-खिंडसीकडे कोणाचं शेत ओळखीचं असेल तर बघा, तिथून नागपूरचा उजेड नैऋत्येला येतो आणि उत्तर-पूर्व बऱ्यापैकी काळी मिळते. मिथुनेचा उद्गमबिंदू संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास ईशान्येला उगवतो आणि रात्री दोनच्या आसपास जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा शहराचा उजेड क्षितिजावर असला तरी चालून जातं. २०२६ च्या डिसेंबरात ९ तारखेला अमावास्या आहे, म्हणजे १४ ला चंद्र कोवळा, रात्री लवकर मावळणारा. अजून काय पायजे. गच्चीवरच बसायचं असेल तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, जिथून एकही दिवा थेट डोळ्यात येत नाही अशी जागा धरा. नक्षत्रं ओळखता येत नसतील तर आधी रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात एक शो बघून या.

धरमपेठेहून: ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव सगळ्यात मोठा म्हणतात, त्याचं काय करायचं?

छत्री उघडायची. १२-१३ ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे भर पावसाळा, आणि २०२६ मध्ये नेमकी १२ ऑगस्टला अमावास्या, आकाश काळं पण वर ढग, काय बोलणार. त्याच दिवशीचं खग्रास सूर्यग्रहणही स्पेन-आइसलँडकडे, आपल्याकडे नाही. नागपूरकरांनी ५-६ मेच्या पहाटे कुंभेचा वर्षाव बघावा, हॅलेच्या धूमकेतूचा कचरा तो, सेकंदाला ६६ किलोमीटर वेगाचा. मे महिन्यात रात्री तशीही झोप कोणाला लागते. हॅलेचाच दुसरा वर्षाव २१-२२ ऑक्टोबरला मृगाच्या बाजूनं, तोवर पाऊस गेलेला असतो.

वर्धमान नगरहून: २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आकाशातून जळत जाताना जे दिसलं ती उल्का होती का? आणि बायनॉक्युलरमधून फरक कळेल का?

नाही. २ एप्रिल २०२२ ची ती गोष्ट, अख्ख्या विदर्भानं बघितली आणि नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला लोखंडी कड्यासारखी मोठी रिंग पडलेली सापडली. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा परत येताना जळाला असं जाणकारांनी सांगितलं. फरक वेगाचा आहे. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू आत येते तेव्हा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतबाहेर असते, उल्का कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ७२. म्हणून उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते आणि रॉकेटचे तुकडे रांगेनं, आरामात, मिनिटभर जाताना दिसतात, इतके की खिशातून फोन काढून शूट करायला वेळ मिळतो. बायनॉक्युलरमध्ये वेगवेगळे तुकडेही दिसतात. नेहमीचे उपग्रह क्षेत्रातून एका वेगानं सरकत जातात, २०१९ पासून स्टारलिंक आल्यावर तर तासाला कितीतरी. फसवतात ते क्षणभर चमकून विझणारे, फिरत्या उपग्रहाच्या पत्र्यावरून आलेलं ऊन असतं ते. थेट आपल्याकडे येणारी उल्काही अशीच ठिपक्यासारखी दिसते. अशा वेळी "ठिपका, खात्री नाही" लिहायचं आणि पुढे बघायचं, उगाच आकडा वाढवायचा नाही.

हुडकेश्वरहून: चंद्रावरही उल्का पडतात म्हणे, त्या टेलिस्कोपमधून दिसतात का?

मानेवाड्याच्या काकांनी इथे लक्ष द्यावं. चंद्राला वातावरण नाही त्यामुळे दगड जळत नाही, थेट आदळतो आणि क्षणभर लखलखतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये सिंहेच्या वर्षावात असे लखलखाट वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी एकाच वेळी टिपले, तेव्हापासून ही गोष्ट पक्की झाली, आणि नासाचं मार्शल सेंटर २००५-०६ पासून त्यावर नजर ठेवून आहे. २१ जानेवारी २०१९ च्या चंद्रग्रहणात तर ग्रासलेल्या चंद्रावरचा असा ठिपका कितीतरी हौशी लोकांच्या व्हिडिओत आला. सहा-आठ इंची टेलिस्कोप यासाठी पुरते, चंद्रकोरीचा जो काळा भाग पृथ्वीच्या उजेडानं फिका दिसतो तिथे रोखायची आणि उजळ भाग क्षेत्राबाहेर ठेवायचा. डोळ्यानं बघत बसण्यापेक्षा व्हिडिओ कॅमेरा लावा, कारण बहुतेक वेळा एक दशांश सेकंदाच्या आत संपतं. आणि दुसऱ्या गावातल्या कोणाला तरी त्याच वेळी रेकॉर्ड करायला सांगा, दोघांच्या व्हिडिओत एकाच क्षणी एकाच जागी आलं तरच मानायचं. डॉबमध्ये ट्रॅकिंग नसतं, चंद्र सारखा सरकवत राहावा लागेल, ती कटकट आहेच.

जरीपटक्याहून: बायनॉक्युलर चष्मा लावून वापरायची का काढून?

फक्त लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर काढा, फोकसमध्ये भरून निघतो. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवा, आणि घेताना आय रिलीफ (डोळा काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण क्षेत्र दिसतं ते अंतर) १५ मिलिमीटर किंवा जास्त आहे ना ते डब्यावर वाचून घ्या, नाहीतर क्षेत्राची कडच दिसणार नाही.